ढवळ्याचे आवतन

पोळ्याच्या दिवशी मी आमच्या कुत्र्याला पुरणपोळी खाऊ घातली. एखादा घास नव्हे, त्याच्या पोटाला तडस लागेपर्यंत. आणि तीही मुक्तहस्ते जायफळ उगाळलेली, साजूक तुपात न्हालेली. त्या सकाळी अमरावतीतल्या आमच्या कॉलनीभर शिजत्या पुरणाचा असा गंध दाटला होता, की विवेकासारखी हलकी वस्तू त्यात सहज विरघळावी. माझ्यापाशी तर ती मुळातच चिमूटभर!

बार्शीटाकळीच्या शेतावर आमचे बैल होते, तोवर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वडील त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत आणि कानाशी वाकून म्हणत, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्यांना केलेले ते केवढे आर्जवी निमंत्रण! पुढे ट्रॅक्टर आला, गोठा ओस पडला, आणि मी नोकरीच्या गावी एक पांढरे पिल्लू आणून त्याला बैलाचे नाव दिले. नाव दिले, मग मान नको द्यायला? म्हणून मीही ढवळ्याच्या खांद्यांना लोणी चोळले (जिथवर जीभ पोचली तिथवर त्याने ते चाटले), कानात आवतन दिले आणि दुसऱ्या दिवशी घुंगरमाळ घालून त्याला पाटापुढे बसवले. “त्याचा भात झाला हाय, बाकी काई देऊ नोका,” बायको आतून ओरडली. पण दारात शेजारी जमले होते, मोबाइल निघाले होते. “द्या न काकाजी अजून एक, कसा टुकूटुकू पाहून राहिला!” झाले. मी दानशूर झालो.

दुपारपासून ढवळ्या ओकू लागला. सांजेला त्याचे पाय लटपटत होते, आणि हाक मारली तरी शेपटी हलत नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावता लावता मान वर न करता विचारले, “जायफळ विषासारखं असते साहेब कुत्र्याले. अन् एवढं तूप? बैल हाय का हा?” तो जगेल का, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

काय संताप आला मला! आधी डॉक्टरांचा, मग आग्रह करून पांगलेल्या त्या शेजाऱ्यांचा. आणि मग, घरी रिकाम्या पाटाकडे बघताना, या आपल्या प्रेम नावाच्या ढोंगाचा. मुक्या जिवाला काय सोसते हे न विचारता आपल्याला जे गोड ते त्याच्या नरड्यात कोंबायचे, आणि वर त्याला माया म्हणायचे! बैलालाही आपण हेच केले ना? वर्षभर पराणीची टोच, एक दिवस पुरण. ढवळ्याच्या अंगावरचे गोचीड कोण काढते? वैशाखात, भिंतीही भाजून निघतात तेव्हा, त्याच्या घमेल्यातले तापलेले पाणी कोण बदलते? बिनमिठाचा भात, त्यात कुस्करलेले अंडे, रोज त्याच वेळी, कोण कालवते? बायको. मी काय करतो? मी त्याचे कौतुक करतो! अशा कौतुकाला आग लावली पाहिजे, आणि कौतुक करणाऱ्याला उन्हात साखळीने बांधले पाहिजे.

ढवळ्या वाचला. घरी आल्यावर मी स्वतः भाताची पेज केली, गार केली, वाटी घेऊन त्याच्यापुढे उकिडवा बसलो, गोंजारले, विनवले. त्याने वाटी हुंगली आणि तोंड फिरवले. बायकोने पदराला हात पुसत तीच वाटी उचलून त्याच्यापुढे धरली, तर लपलप करून चाटूनपुसून साफ!

“अजून रागावलाय माझ्यावर,” मी खिन्नपणे म्हणालो.

“रागबिग काई नाई आला त्याले,” ती वाटी विसळायला नेत म्हणाली, “तो तुमाले नीट ओयखतच नाई.”