आजीनं न विकलेला बस्ता

मित्रहो, आज बालाघाटजवळच्या लामता गावात मुलींच्या शिक्षणावर मी तासभर बोललो. खाली उतरताच सत्तरीच्या एका निवृत्त शिक्षिकेनं हात धरला.

"बालाघाटच्या कापडवाल्या आजीचा नातू ना तू? सातवीत होती मी. बाबा माह्या लग्नाचा बस्ता घ्यायले आलते. तुह्या आजीनं मले इचारलं, 'तुले काय आवडते, बाई?' मी फ्राकाच्या कापडावर बोट ठेवलं."

आजीनं उघडलेल्या लुगड्यांच्या घड्या घातल्या. "भाऊ, पोरीले अजून फ्राक पायजे. बस्ता मी देत नाही."

बाईंचे बाबा चिडले, बसून राहिले, शेवटी फ्राकाचंच कापड घेऊन गेले.

लग्नसराईवर आमचं वर्ष निघायचं. तरी आजीनं हे घरी कधी सांगितलं नाही.

माझ्या तासभराच्या भाषणानं आज कुणाचं लग्न थांबलं असेल?