फळ्यांची जमीन

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांगलीतल्या हार्डवेअरच्या दुकानात एक निवृत्त सुभेदार भेटले. लेकानं हौसेनं घरात लॅमिनेटच्या फळ्यांची जमीन बसवली होती. सुभेदारांची बायको ती ओल्या फडक्यानं पुसायची, त्यानं फळ्या फुगायला लागल्या होत्या.

दुकानदारानं पाणी मुरू न देणाऱ्या पॉलिशच्या डब्याची ओळख प्रमुख पाहुण्यासारखी करून दिली. सुभेदारांनी काउंटरवर थोडं पॉलिश लावून बोट फिरवलं.

"निसरडं हाय. फळी बदलता येतीया. बायको पडली तर?"

"मग काकूंना फडकं घट्ट पिळायला सांगा."

"मनगटात जोर न्हाई राहिला तिच्या."

"तुम्हीच पुसा की."

"हात लावू देत न्हाई. घर तिचं हाय म्हणं."

त्यांनी एक सुती फडकं उचललं आणि कोरडंच पिळून पाहिलं.

"पिळून मी देत जाईन. पुसू दे तिला."