डॉ. पेझारकरांचा पहिला प्रश्न

डॉ. रिबेका पेझारकर यांच्या टेबलावर औषधं लिहायचा कागद कधी नसे. तो खालच्या खणात असायचा. रुग्ण आला की त्या खिडकीचा पडदा सारायच्या, त्याला उजेडात बसवायच्या, ठिकठिकाणी भांग पाडून टाळू बघायच्या आणि विचारायच्या, "केस गळायला लागले, त्याच्या दोन-तीन महिने आधी काय झालं होतं?" रुग्ण गेल्या आठवड्याची गोष्ट सांगू लागला तर त्या थांबवायच्या. "त्याच्या मागचं सांगा. केस उशिरा बोलतात."

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबातल्या त्या. भाऊ, बहिणी आणि शेवटी मुलगीही इस्राएलला गेली. बाई पनवेलमध्ये राहिल्या. शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, दवाखाना बंद असे. जुन्या रुग्णांना हे ठाऊक होतं, नवे कुलूप बघून परत जायचे.

त्यांची माझी ओळख एका नकाराने झाली. उलव्यातल्या बांधकामाच्या धुळीने लोकांचे केस गळतात, अशी बातमी आमच्या दैनिकाला हवी होती आणि तिला त्वचारोगतज्ज्ञाचं नाव हवं होतं. बाई म्हणाल्या, "धुळीने खोकला येतो, डोळे चुरचुरतात, हे लिहा माझ्या नावाने. केस जातात म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही." बातमी छापून आली नाही.

मी निघत होतो तेव्हा एक तरुण आत आला. साइटवर इंजिनिअर होता. मोबाइलमध्ये उशीवर पडलेल्या केसांचे फोटो होते. बाईंनी आपला प्रश्न विचारला. त्याला पावसाळ्यात डेंग्यू झाला होता.

"मग तापाचे केस आहेत. थोडे दिवस गळतील, परत येतील. नीट जेवा."

"मॅडम, काहीतरी लिहून तरी द्या."

"तुमचं नाव लिहिलंय ना वहीत!"

तो नाराज होऊन गेला. असे बरेच जण नाराज होऊन जात. दोन गल्ल्या पलीकडे पहिल्याच भेटीत इंजेक्शन देणारं एक चकचकीत केंद्र होतं, आणि तिथे गर्दी असायची.

माझ्या थोरल्या वहिनीने, हिरावहिनीने, त्या केंद्रात नाव घातलं होतं. आमचं घर उरणकडच्या खाडीकाठी. दादा न्हावा शेव्याला कामाला, वहिनी पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. कोळणीचा अंबाडा कसा असावा हे दाखवायला लोक तिच्याकडे बोट करत. त्या वर्षी तो मुठीत मावेनासा झाला. वेणी माळली की घसरायची. फाल्गुनात मुलाचं लग्न होतं, आणि वरमाय म्हणून तिला अंबाडा हवा होता.

मी म्हटलं, इंजेक्शन घ्यायच्या आधी पेझारकरबाईंना दाखव. ती लगेच तयार झाली, कारण बाई तिच्या गिऱ्हाईक होत्या; ज्यू धर्मात चालणारी खवल्यांची मासळी तिच्याकडूनच घेत. "ती खवल्यांचीच मासली घेनारी बाय? कोलंबीला हात पन लावत नाय ती. चल."

दवाखान्यात वहिनीने कारणही स्वतःच सांगून टाकलं. "आमच्याकं पानी खारा हाय डॉक्टरबाय. त्यानंच जातान केस."

"घरात आणखी कुणाचे गळतात?"

"नाय, कोनाचे नाय."

"पाणी सगळ्यांना एकच ना? मग पाण्याचा राग तुमच्या एकटीवरच का?"

वहिनी हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी अंबाडा सोडायला लावला, कपाळाकडची ओळ पाहिली. घट्ट बांधून केस तिथे जातात, पण तिथले शाबूत होते. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पत्रकार, तुम्ही बाहेर बसा."

आत काय झालं ते वहिनीने मला पुढे कधीतरी सांगितलं. बाईंनी पाळीचं विचारलं. वहिनीने आधी उडवून लावलं, पाळी जायची वेळ झाली आहे म्हणाली. बाईंनी पुन्हा विचारलं, आणखी हळू. तेव्हा ती बोलली. वर्षभर अंगावरून जात होतं. मधले काही दिवस कोरडे, मग पुन्हा. एकावर एक लुगडी नेसून ती बाजारात बसत होती. घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लग्नात देवकाला हात लावू दिला नसता, मुलाला पहिली हळद लावू दिली नसती.

बाई म्हणाल्या, "केसांना काय झालंय ते मला दिसतंय, हिराबाई. तुम्हाला काय झालंय ते आधी शोधू."

रक्तात लोह काहीच उरलं नव्हतं. बाईंनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि स्वतः फोन करून तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गर्भाशयातला तुकडा तपासायला गेला. कर्करोग होता, पण पसरलेला नव्हता. पिशवी लवकर काढली तर धोका टळण्यासारखा होता.

अहवाल घेऊन वहिनी पेझारकरबाईंकडेच आली. या वेळी बाईंनी मला आत बसू दिलं.

"लगीन झाल्यावर करू," वहिनी म्हणाली.

"लग्नाला अजून वेळ आहे. याला नाही."

"तुमी घरात सांगू नका."

"मी नाही सांगणार. तो हक्क माझा नाही. पण तुमचे केस बोलले, हिराबाई. आता तुम्ही बोला."

वहिनीने पदराचं टोक कमरेला खोचलं. ती उठली. घरी पोचल्यावर तिने दादाला आणि मुलाला समोर बसवून सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, "आये, तारीख काय, दुसरी बी घेता येल." मुलीकडच्यांनी कुरकुर केली, मग वैशाखातली तारीख मान्य केली. शस्त्रक्रिया झाली. आणखी उपचारांची गरज पडली नाही.

दुसऱ्या वर्षी बाईंनी दवाखाना बंद केला. गुडघे थकले होते, इस्राएलला ये म्हणून मुलीचा आग्रह होता. निरोपाला गेलेल्या रुग्णांना त्या एकच सांगत होत्या: "ज्याच्याकडे जाल तो आधी विचारतो की आधी लिहितो, एवढं बघा. आधी लिहीत असेल तर उठून या." गेल्या हिवाळ्यात इस्राएलमध्येच त्यांचं निधन झालं. मुलीने फोनवर कळवलं. इथल्या इतर वर्तमानपत्रांत बातमी आली नाही. आमच्या दैनिकात चार ओळी मी दिल्या.

मला त्या आठवतात त्या वैशाखातल्या हळदीच्या मांडवात. पांढरी सुती साडी नेसून त्या कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. बँडच्या आवाजाने कपाळाला आठ्या पडल्या होत्या, पण त्या उठल्या नाहीत. वहिनीने मुलाला पहिली हळद लावली. केस अजून विरळच होते. बोराएवढा अंबाडा आणि त्याभोवती पिनांनी डकवलेली वेणी. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "गो हिराबाय, वरमायचा अंबारा खय गेला?"

मांडव हसला. बाईंनी मान वर केली.

हळदीने माखलेले दोन्ही हात कमरेवर ठेवून वहिनी वळली. "अंबारा गेला," ती म्हणाली, "मी हाय ना!"