उजव्या हाताची कात्री

नवी सून घरात आली, तेव्हा तिला पहिल्यांदा खटकलं ते सासूबाईंचं डाव्या हातानं कापड कापणं. शिवणकामावर घर चालवणाऱ्या सासूबाईंचा मोडलेला उजवा हात कधीच सांधला होता, पण आतली आग जात नव्हती. पुन्हा उजव्या हातात कात्री धरता यावी, एवढंच त्यांना हवं होतं.

सुनेनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोक्याला चुंबकाचं यंत्र टेकवलं.

“दुखतोय हात, आणि उपचार डोक्यावर? शेजारीण म्हणेल, अखेर बरोबर जागा सापडली.”

“दुखणं मेंदूत मुक्कामाला राहिलंय, मावशी.”

यंत्र टकटकलं. उजवा अंगठा आपोआप उडाला.

“कात्री मागतोय मेला,” सासूबाई म्हणाल्या.

बऱ्याच खेपांनंतर आग निम्मी झाली. आता सकाळी त्या उजव्या हातानं कापतात. दुपारनंतर कात्री सुनेकडे असते.