चिमणी उडाली

आमच्या घरात चिमणी बसवली ती आईच्या खोकल्यामुळे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं होतं, की आयुष्यभर चुलीपुढे बसून फुप्फुसं खराब झाली आहेत, झालं ते भरून येणार नाही, पण यापुढे धूर अजिबात नको. आई बीडकडच्या गावाहून आमच्याकडे पुण्याजवळ पुनावळ्याला आली खरी, पण आपली पिशवी काही माळ्यावर टाकू देईना. "खालीच असू दे, कधी बी लागंल," म्हणायची. पिशवी पलंगाखाली, हाताशी. मला त्या पिशवीचीच भीती वाटायची. आई गावी गेली की चुलीपुढे बसणार, हे नक्की होतं. इथे तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, स्वयंपाक. रिकामं बसायला सांगितलं तर ती आठ दिवस टिकली नसती. म्हणजे फोडण्या तिनेच द्यायच्या, पण धूर तिच्या नाकात जायचा नाही. म्हणून चिमणी.

मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मूळचा काळजीखोर, त्यात या नोकरीने भर घातली. प्रत्येक यंत्र आज ना उद्या दगा देणार असं धरूनच मी चालतो. बसवायला आलेल्या माणसाला मी इतके प्रश्न विचारले की तो घामाघूम झाला. ही धूर ओढून घेणारी जाळी, हिच्यात तेल अडकतं. ही खालची वाटी, तेल हिच्यात निथळतं. वर मोटार आणि पंखा, आणि त्यातून निघून धुणी-भांड्यांच्या ड्राय बाल्कनीत जाणारा पाईप. पाईपच्या बाहेरच्या तोंडाला एक टोपी लागते, ती तेवढी त्याने आणली नव्हती. उद्या लावून देतो म्हणाला. कंपनीत असं अर्धवट काम कुणी दाखवलं असतं तर मी कागदावर सही केली नसती. घरी केली. तो 'उद्या' अजून उजाडायचा आहे.

मग मी आईला सगळं समजावलं. जाळी कधी धुवायची, वाटी कधी पुसायची, याचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. बायको म्हणाली, आता सासूबाईंची तोंडी परीक्षाही घेऊन टाका. आई हसली. तिच्या लेखी चिमणी म्हणजे अंगणात दाणे टिपणारी, नाहीतर लाईट गेल्यावर पेटवायची रॉकेलची. ही स्टीलची तिसरी चिमणी तिच्या तोंडात बसायला वेळ लागला.

रोज जेवणाच्या सुट्टीत मी तिला फोन करायचो. एकदा ती म्हणाली, "चिमणीचा आवाज येतोय रे सारखा." मी म्हणालो, येऊ दे, नवीन आहे, आवाज येतोय म्हणजे ठीक चाललंय, तू हात लावू नकोस. ती बरं म्हणाली. मी निश्चिंत होऊन पानातली भाजी संपवली, हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण खोकला वाढला. आधी सकाळचा होता, तो दुपारी येऊ लागला. मी कामावर असतानाही तो माझ्या कानात असायचा. एक्स-रे परत काढावा का, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं का, काही वेगळंच निघालं तर, असले विचार डोक्यात फिरत राहायचे. एका रविवारी मी चिमणीच उघडली. जाळी लख्ख होती. वाटी कोरडी. बायकोला आईचं कौतुक वाटलं. मी मात्र वाटीत पुन्हा बोट फिरवून पाहिलं. चालणारं यंत्र मळतंच. महिनाभरात तेलाचा एक थेंबही नाही, म्हणजे ते चाललेलंच नाही.

आईला विचारलं. ती परातीतली कणीक मळत राहिली. मग हात धुतले आणि मला ड्राय बाल्कनीत नेलं. पाईपच्या उघड्या तोंडातून काड्या, दोरे आणि कापूस बाहेर लोंबत होता. आतून चिवचिवाट येत होता.

"तुला फोनवर सांगितलं की मी," ती म्हणाली. "हात लावू नको मनलास. न्हाई लावला. ते घुं करतंय तर पिल्लं भितेत, मनून बंद ठिवलं."

मी चिडलो. खूप बोललो. तुझ्या श्वासापेक्षा त्या पाखरांचं जास्त झालं का, असंही म्हणालो. स्टूल आणलं, वर चढलो आणि पाईपला हात घातला. तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, "आदी मला एस्टीत बसवून दे. मंग काड."

मी स्टुलावरून उतरलो.

शेवटी ठरलं ते असं: पिल्लं उडेपर्यंत घरात तळण नाही, फोडणी नाही. शिजवायचं ते बायको इंडक्शनवर शिजवील, आणि आईने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. तिच्यावर माझा भरवसा नव्हता, म्हणून मी कंपनीतलं लाल कार्ड आणून चिमणीच्या बटणाला बांधलं. आमच्याकडे यंत्र उघडलेलं असताना असं कार्ड लावतात. त्यावर लिहिलेलं असतं, काम चालू आहे, स्विच लावू नये. ज्याने लावले त्यानेच काढावे. मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं, साहेब ट्रेनीला दाखवतात तसं.

खोकला चार दिवसांत उतरला. मला बरं वाटायला हवं होतं. पण आई हॉलमधल्या खुर्चीवर नुसती बसून असायची. टीव्ही लावला तरी बघायची नाही. बायको मेथी निवडायला द्यायची, ती दहा मिनिटांत संपायची. मग एका संध्याकाळी मी पाहिलं, पिशवी पलंगाखालून बाहेर आली होती आणि तिच्यात लुगडी घडी करून भरलेली होती. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि तेच मला ऐकायचं नव्हतं.

त्यानंतर दोन दिवसांनी, फर्स्ट शिफ्टला असताना, तिचाच फोन आला. ती कधी आपणहून करत नाही.

"चिमणी उडाली," ती म्हणाली, आणि फोन बंद.

आमच्या खात्यात उडणं एकाच प्रकारचं असतं. मोटार उडाली, फ्यूज उडाला. परत फोन लावला, उचलेना. बायको नोकरीवर. मला दिसलं ते असं, की आईने हट्टाने बटण दाबलं, काड्या पंख्यात अडकल्या, ठिणगी पडली, आणि आत तो सगळा कापूस. साहेबांना काय सांगितलं आठवत नाही. तळवडे, निगडी, रावेत, प्रत्येक सिग्नलला मी पुनावळ्याच्या दिशेने आकाशात धूर शोधत होतो. गेटवरचा वॉचमन नेहमीसारखा हात करून हसला, तरी मी जिन्याने धावतच वर गेलो.

दार उघडंच होतं. आई ड्राय बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. लाल कार्ड जागच्या जागी.

"तिन्ही उडाली," ती म्हणाली. "शेवटलं लई भेत हुतं. सकाळधरनं बघत बसले."

मी तिथेच फरशीवर बसलो. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. ती घाबरली, पाणी आणून दिलं, कामून रडतोस म्हणाली. आग लागली असं वाटलं, हे मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "येडा हायस. कार्ड तू लावलेलं. मी कसं काडीन?"

घरटं मी दोन्ही हातांनी अलगद बाहेर काढलं. पाईपच्या तोंडाला तारेची जाळी बांधली, हवा जाईल पण पाखरू शिरणार नाही अशी. कार्ड सोडलं. बटण दाबल्यावर चिमणी घुमू लागली. आईने कढईत तेल टाकलं, मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, आणि धूर सरळ वर ओढला गेला. मी श्वास रोखून तिच्या खोकल्याची वाट बघत होतो. एकदा ती खोकली. मग नाही.

"हितं कशाला उभा ऱ्हायलास?" ती कढईतून नजर न काढता म्हणाली. "जा, माझी पिशवी तेवढी माळ्यावर टाक."