डालग्याखालचा डाव

आमच्या गल्लीत वीरभद्रप्पा दोन होते. एक भोंग्याआधीचा, दुसरा भोंग्यानंतरचा. दिवसभर घरच्या हातमागावर चादरी विणणारा अप्पा म्हणजे गरीब गाय. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की त्याच्या हातातला धोटा थांबायचा, अप्पा मागाच्या खड्ड्यातून वर यायचा आणि सरळ गुत्त्याची वाट धरायचा. परत आलेला अप्पा कसा असे ते सांगत नाही. त्याची बायको ईरम्मा, आमची ईरक्का, भिंतीला भिंत लावून राहायची, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. ऐकू येऊ नये असंही.

दारू का लागली, हे विचारू नये. पिणाऱ्याला कारणांचा दुष्काळ कधीच नसतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. सकाळी उठल्यावर अप्पाला कालचं काही आठवत नसे; रुमाल कुठं टाकला, घरी कोणी आणलं, काही नाही. त्याची डॉक्टरांना फार काळजी वाटे. "गोळ्या मी देतो, पण भोंग्यानंतरचा वेळ कसा काढणार?" असं त्यांनी विचारलं. उत्तर निघालं टांगेवाल्या बंदेनवाजभाईंकडे.

बंदेनवाजभाई स्वतः एकेकाळचे पिणारे. सासऱ्यानं बुद्धिबळाला बसवून त्यांना माणसात आणलं होतं. तेच औषध त्यांनी अप्पाला लावलं. रोज भोंग्याच्या आधी टांगा दारात, घोड्यापुढं वैरण, आणि आत जमिनीवर कापडाचा पट. अप्पा चटकन शिकला. पण घोटाळा असा, की डाव जिंकला की तो आनंदानं गुत्त्यावर जायचा, आणि हरला की दुःखानं. आता घ्या!

शेवटी बंदेनवाजभाईंनी डोकं खाजवलं. "अप्पा, ह्यो डाव मोडेस्तवर थेंब शिवायचा न्हाय. घ्या शपथ."

पाडव्याचा दिवस होता. अप्पानं गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली.

तेव्हापासून तो एकच डाव चालू राहिला. एका संध्याकाळी एखादी खेळी, बाकी चहा आणि गप्पा. अंधार पडला की पटावर कोंबड्या झाकायचं डालगं उपडं घालायचं, दुसऱ्या दिवशी तिथून पुढं. बंदेनवाजभाई हत्ती पुढं न्यायचे, मागं आणायचे. मला वाटायचं, बिचारे किती खपतात अप्पासाठी. अप्पाच्या हाताची थरथर गेली. सूत तुटेनासं झालं. ईरक्का भाकरी थापताना गुणगुणायला लागली, तेही मला भिंतीतून ऐकू यायचं, आणि फार बरं वाटायचं.

नवरात्राच्या तोंडावर बंदेनवाजभाई भाचीच्या लग्नाला मैंदर्गीला गेले. तरीही भोंगा झाला की अप्पा डालगं उचलून एकटाच पटापुढं बसे. आणि इकडं ईरक्कानं घर धुवायला काढलं. नवरात्र बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा पाण्यातून काढायची, ही आमच्याकडची रीत. वाकळा, धोतरं, उशांचे अभ्रे, सगळं आम्ही दोघींनी तळ्यावर नेलं. ते बडवताना माझ्या हाती चौकटीचं कापड आलं आणि माझा हात थांबला.

"ईरक्का, हा पट की गं!"

"व्हय. केवढा मळलावता." ती खुशीत म्हणाली. "सोंगट्या सुपात ठेवल्यात. मोजून. एकबी हरवू दिली न्हाय."

डाव मोडू द्यायचा नाही, म्हणजे सोंगट्या जपायच्या, असं ती समजली होती. मी तिला समजावलं, तेव्हा ती ओल्या कपड्यांवरच खाली बसली.

संध्याकाळी भोंगा झाला. अप्पा वर आला. डालगं भिंतीशी, शेजारी सूप, आणि दोरीवर पट.

"डाव मोडला," तो म्हणाला. शपथही तिथंच सुटली. त्यानं पायात चपला घातल्या.

"ब्याडरी," ईरक्का म्हणाली. नको हो, एवढंच.

अप्पा गेला. मी दारातून बघत होते. गल्लीच्या वळणावर तो थांबला. मग तो वळला, परत आला, दोरीवरचा दमट पट काढून अंथरला आणि सूप पुढं ओढलं.

एकेक सोंगटी तो ठेवत गेला. राजा हितं. प्यादं हितं. उंट, न्हाय, एक घर अलीकडं. रुमाल कुठं टाकला ते न आठवणारा माणूस! ईरक्का जवळ सरकली.

"समदं ध्यानात हाय तुमच्या?"

"हाय की." मग हलक्या आवाजात, "ह्यो घोडा बघ. हितनं हितं टाकला की मात. पुनवेपासनं दिसतंय मला."

"अवो, मग टाकला का न्हाई?"

अप्पानं डालगं उचललं, पटावर अलगद उपडं घातलं.

"डाव संपला असता की गं."

ईरक्का रडली. मीही रडले, लपवत कशाला.

खंडेनवमीला मागाची पूजा झाली. ईरक्कानं धोट्याला विभूती लावली, फणीला लावली, आणि उरलेलं बोट डालग्यावर ओढलं. दुपारी बंदेनवाजभाई मैंदर्गीहून आले. डालगं उचलून त्यांनी पट नीट न्याहाळला. घोड्यावर त्यांची नजर जरा जास्तच रेंगाळली.

"तुमची खेळी, अप्पा," ते म्हणाले.

अप्पानं उंट एक घर मागं घेतला.