शालनवहिनींची साठ मिनिटांची कॅसेट

महाप्याच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मला फोन आला. मधूच्या शेजारच्या काकू एवढंच म्हणाल्या, "शालन गेली. मधूनं कळवायला सांगितलंय." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेला डबा संपवला. गवारीची भाजी होती... याला आता पाच आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही.

मधू माझा कॉलेजपासूनचा मित्र, आमच्या बँडचा गिटारिस्ट. मी ड्रम वाजवायचो. आम्ही चौघं, बँडचं नाव 'खाडीपूल'. दर रविवारी नेरूळला मधूच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत सराव चालायचा. आमची गाणी लांबलचक, मध्येच ताल बदलणारी, एकेक पंधरा-वीस मिनिटांचं. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, असं आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरीला पुन्हा पुन्हा समजावत असू. शालनवहिनी मधूची बायको, साताऱ्याकडच्या एका खेड्यातल्या. बाहेरच्या खोलीत बसून त्या लोकांच्या साड्यांना फॉल लावत. त्यांना आमचं संगीत कसं वाटतं, हे सात वर्षांत आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

मग वाशीतला एक कॅसेटवाला म्हणाला, "तुम्ही घरी रेकॉर्ड केलेल्या तिन्ही कॅसेटींतलं चांगलं तेवढं एकीवर द्या. साठ मिनिटांत बसवा, मी दुकानात ठेवतो." चौघांच्या चार याद्या झाल्या, प्रत्येकाच्या यादीत ज्याचं त्याचं. तीन रविवार भांडणात गेल्यावर मधू वैतागून म्हणाला, "शालन निवडेल. तिचे हात अडकलेले असतात, कान मोकळे असतात." आम्ही हसलो, पण हो म्हणालो.

दोन महिने वहिनी फॉल लावता लावता ऐकत होत्या. ब्लाउजच्या मापांच्या वहीत मागच्या पानांवर लिहीत होत्या. एका गाण्यापुढे होतं, 'इथं चौघं एकमेकांचं ऐकतायत.' दुसऱ्यापुढे, 'भात करपला, कळलं नाही.' माझा बावीस मिनिटांचा तुकडा, ज्याचा मला फार अभिमान होता, तो त्यांनी सरळ गाळला होता. मी चिडलो. म्हणालो, "वहिनी, तुम्हाला रॉकमधलं काय कळतं?" मधू खाली बघत राहिला. वहिनींनी सुई पदराला टोचून ठेवली. "कळत न्हाई, भावजी. पण राग नका मानू, त्यात तुम्ही लई घाई करताय. ऐकणाऱ्याला मागं टाकून कुठं निघालाय?"

कॅसेट त्यांच्याच यादीप्रमाणे निघाली. चार गाणी. विकल्या गेल्या थोड्याच, पण ज्यांनी नेली त्यांनी पुन्हा येऊन विचारलं, असं कॅसेटवाला सांगायचा. ती ऐकताना मला कळलं होतं की वहिनींचं बरोबर होतं. सांगायचं राहिलं. मग त्यांना कावीळ झाली म्हणाले, मग लिव्हर म्हणाले... हॉस्पिटलात गेलो तेव्हा त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. "तुमचं ते मोठं गाणं पुढच्या कॅसेटीत घ्या हं," त्या म्हणाल्या. मी फक्त मान हलवली. भेटायची वेळ संपली, असं नर्स सांगायला आली आणि मी उठलो. वहिनी बत्तीस वर्षांच्या होत्या.

तेराव्याला त्यांच्या आई गावाहून आलेल्या होत्या. पाहुणे पांगल्यावर त्या मला म्हणाल्या, "ती गावाला आली की एका कॅसेटीचं सांगायची. लावा की." मी लावली. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. थोड्या वेळानं कॅसेटचं कव्हर हातात घेऊन म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई. ह्यावर कुनाकुनाची नावं हायत?" मी चार नावं वाचली.

"आन् शालनचं?"

"नाही छापलं," मी म्हणालो.

"मंग तिनं काय केलं ह्यात?"

"तिनं निवडलं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "निवडायला चांगली हुती. तिनं निवडलेल्या तांदळात कधी खडा लागला न्हाई."

मधू उठून आत गेला. मला वाटलं, आता तरी रडू येईल... नाही आलं. वहिनींच्या आई कव्हरवरून अंगठा फिरवत होत्या, मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. बाजू संपली, टेपचं बटण आपोआप वर आलं. कॅसेट उलटून लावायला कुणीच उठलं नाही.